पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा

कर्करोग झालेल्या मुलाला भेटायला जाताना माणसे बरोबर काय काय नेतात? फुलांचा गुच्छ, चिरलेल्या फळांचा डबा, एखादे केसाळ अस्वल, आणि हल्ली फोटो काढायला मोबाइल. यातले काहीही मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचू नये, अशी वॉर्डातल्या सिस्टरची इच्छा असते. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात, चिरून ठेवलेल्या फळांवर ते बसतात, केसाळ अस्वल नीट धुता येत नाही. सिस्टरच्या हातात त्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट असतो आणि त्यातला एक आकडा पाहुण्यांना ठाऊक नसतो.

तो आकडा कोणता, आणि तो कळलेल्या माणसाला या मुलासाठी काय करता येते, ते आपण पाहू. असा माणूस म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत नर्सिंगचे विद्यार्थी. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. त्याच परिसरात डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय आणि त्याला जोडून नर्सिंगचे महाविद्यालय आहे. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. शिवाय १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. हे तास बहुतेक ठिकाणी प्रभातफेरी आणि वृक्षारोपणात जातात. झाडे लावू नयेत असे नाही. पण ज्यांना नाडी मोजता येते, हात शास्त्रशुद्ध धुता येतात, औषधाची चिठ्ठी वाचता येते, त्यांच्या तासांचा याहून चांगला उपयोग आहे.

भोसरी, चिखली, मोशी, कुरुळी, खराबवाडी, म्हाळुंगे हा सगळा पट्टा तरुण कुटुंबांचा आहे. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेले कामगार, त्यांच्या दहा बाय दहाच्या खोल्या आणि त्यांतली लहान मुले. समजा, त्यांतल्या एका सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. त्याचे पुढे काय होते?

परळ, मार्माइट आणि सदाफुली

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टर त्याला थोडक्यात ए.एल.एल. म्हणतात. आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. तिथली एक अपक्व पेशी मोठी होऊन लिम्फोसाइट व्हायची, ती मोठी होतच नाही. नुसती दुभंगत राहते. हळूहळू मज्जेची सगळी जागा अशा बिनकामाच्या पेशींनी भरते. मग तांबड्या पेशी कमी पडून मूल फिकट दिसते, रक्तबिंबिका कमी पडून अंगावर काळेनिळे डाग उठतात, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडून ताप हटत नाही. पाय दुखतात म्हणून मूल खेळायला नकार देते. वर्गातल्या एखाद्या मुलात ही सगळी लक्षणे एकत्र दिसली, तर पालकांना रक्ततपासणी करायला जरूर सांगावे.

या आजारावरच्या औषधाची एक मुळी आपल्या परळमध्ये सापडते. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा शोध घेणे हे तिचे काम. परळच्या हाफकिन संस्थेत तिने प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो गुणकारी पदार्थ म्हणजे ज्याला आपण आज फॉलिक अ‍ॅसिड म्हणतो तो. पेशीला दुभंगायचे तर नवीन डी.एन.ए. लागते आणि ते बनवायला फॉलिक अ‍ॅसिड लागते.

मग विचार उलटा फिरवला तर? दुभंगतच सुटलेल्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिड मिळू दिले नाही तर? बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी हे करून पाहिले. त्यांना लागणारे रसायन आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून मिळाले. दिसायला फॉलिक अ‍ॅसिडसारखे, पण काम न करणारे; कुलपात जाणारी पण न फिरणारी किल्लीच म्हणा ना. १९४८ मध्ये फार्बर यांनी आपले निष्कर्ष छापले. १६ मुलांपैकी १० मुलांचा आजार मागे हटला होता. काही महिनेच, पण तोपर्यंत या आजारात तेवढेही कधी घडले नव्हते. त्या रसायनाचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही प्रत्येक ए.एल.एल. झालेल्या मुलाला मिळते.

दुसरे औषध तर आपल्या अंगणातले आहे. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन १९६० च्या दशकात वापरात आले. (इथे एक सूचना. सदाफुलीची पाने उकळून पिण्याचा सल्ला अधूनमधून कोणीतरी देते. पानांत व्हिन्क्रिस्टीन इतके थोडे असते की एका ग्रॅमसाठी कित्येकशे किलो वाळलेली पाने लागतात, आणि काढ्यात बाकीची विषारी द्रव्ये मात्र न मोजता पोटात जातात. हे वर्गात जरूर सांगा.)

तर औषधे जुनी आहेत, बहुतेक स्वस्त आहेत, आणि आपल्याकडे मिळतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० देखील होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हा फरक जगापुढे मांडला आणि २०३० पर्यंत सर्वत्र निदान ६० मुले तरी वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. औषध तेच असेल तर उरलेली मुले जातात कुठे?

हजार कोटींचा हिशेब

याचे उत्तर शोधायला थोडे गणित करू. निदान होते तेव्हा मुलाच्या शरीरात कर्करोगाच्या सुमारे एक लाख कोटी पेशी असतात. एकावर बारा शून्ये. सगळ्या मिळून त्यांचे वजन साधारण किलोभर. पहिल्या महिन्याचे उपचार झाल्यावर मज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. १०० पेशींत ५ पेक्षा कमी वाईट पेशी दिसल्या तर आजार ‘आटोक्यात’ आला असे म्हणतात. मुलाचा ताप गेलेला असतो, भूक लागलेली असते, ते खाटेवरून उड्या मारत असते. आईबापांना वाटते, सुटलो.

आता समजा, शंभरातल्या नव्व्याण्णव वाईट पेशी मेल्या. एक लाख कोटींचा एक टक्का किती? एक हजार कोटी! सूक्ष्मदर्शकाला न सापडणाऱ्या एवढ्या पेशी अजून शिल्लक असू शकतात. म्हणून उपचार पुढे दोन ते अडीच वर्षे चालतात. तगडी औषधे पहिल्या काही महिन्यांत, आणि नंतर घरी राहून रोजच्या गोळ्या.

नेमके इथेच पुष्कळ कुटुंबे निघून जातात. मूल बरे दिसते आहे, बापाचे कंत्राट संपले आहे, गावाकडे धाकटे मूल आजीपाशी आहे, उसनवारी झाली आहे. यात मूर्खपणा नाही. दिसणाऱ्या पुराव्यावरून काढलेला तो निष्कर्ष आहे. फक्त न दिसणाऱ्या पेशींची गोष्ट त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेली नसते. ओपीडीतल्या डॉक्टरला रांगेत वेळ मिळत नाही. लाख कोटी आणि हजार कोटींचे हे चित्र कागदावर ठिपके काढून, हिंदीत किंवा वऱ्हाडीत, दोनदा-तीनदा समजावणे हे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सहज जमण्यासारखे आहे. माझ्या मते स्वयंसेवकाचे हे पहिले काम. खेळणी त्यानंतर.

याने खरोखर फरक पडतो का? परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात २००९ च्या सुमारास कर्करोग झालेल्या मुलांपैकी साधारण २० टक्के मुले उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत. मग तिथे राहण्याची सोय, जेवण, पैशाची जुळवाजुळव, समुपदेशन आणि प्रत्येक न आलेल्या मुलामागे फोन, अशी एकत्र व्यवस्था उभी झाली. काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आले. ब्राझीलमधल्या रेसिफे या गरीब शहराचा अनुभव तसाच आहे. १९८० च्या दशकात तिथे ए.एल.एल. झालेल्या १०० पैकी ३२ मुले पाच वर्षे आजार न उलटता राहत. १९९७ ते २००२ या काळात हा आकडा ६३ झाला. औषधयोजना सुधारली होती हे खरे. पण त्याबरोबर परिचारिकांना खास प्रशिक्षण मिळाले, बाहेरगावच्या कुटुंबांना निवारा मिळाला, आणि उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले.

आपल्याकडचे जुने उदाहरण याहून बोलके आहे. १९८४ पासून मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील तीन मोठ्या केंद्रांनी एकच ठरावीक उपचारपद्धती स्वीकारली. तिचे नाव एम.सी.पी. ८४१. त्याआधी चार वर्षे आजाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहूनही कमी होते, ते ४५ ते ६० टक्के झाले. या यशाचे श्रेय देताना संशोधकांनी औषधांबरोबर आणखी एका गोष्टीचे नाव घेतले आहे: आधारासाठीची देखभाल, म्हणजे जंतुसंसर्ग, रक्त, पोषण यांकडे दिलेले लक्ष.

पाचशेच्या खाली

आता सिस्टरच्या हातातल्या त्या आकड्याकडे येऊ. केमोथेरपीची औषधे भराभर दुभंगणाऱ्या पेशी मारतात. मज्जेतल्या चांगल्या पेशीही भराभर दुभंगणाऱ्याच. त्यांना वाईट पेशींबरोबर मार बसतो, आणि सर्वांत आधी तुटवडा पडतो तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळणारे हे शिपाई. रक्तात त्यांचे आयुष्य जेमतेम एखाद्या दिवसाचे, म्हणून मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल नव्याने बनवावे लागतात. कारखाना आठवडाभर बंद पडला तर गोदामात काय उरणार? तगड्या औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान त्यांची संख्या तळाला जाते.

ती काढायची रीत सातवीच्या मुलांनाही जमेल. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १८०० आहेत आणि त्यांत न्यूट्रोफिल २५ टक्के आहेत. १८०० चे २५ टक्के म्हणजे ४५०. निरोगी माणसात हा आकडा एका घन मिलिमीटरमागे १५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली धोका मोठा. अमेरिकेतल्या जेराल्ड बोडी यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांचे आकडे मांडून दाखवले, की न्यूट्रोफिल जसजसे उतरतात तसतसा जंतुसंसर्ग वाढतो, आणि ते जितके दिवस तळाशी राहतील तितका धोका वाढत जातो.

याचा एक विचित्र परिणाम आहे. जखमेत पू होतो तो मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलचा. न्यूट्रोफिलच नसतील तर पू कुठून येणार? सूज नाही, लाली नाही, गळू नाही. आत जंतू पसरत असतात आणि बाहेर एकच खूण दिसते, ती म्हणजे ताप. ३८ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये १००.४. एरवी या तापाला आपण गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहतो. या मुलाची मात्र तशी वाट पाहायची नसते. गोळी देऊन ताप दाबायचाही नसतो, कारण ती एकमेव खूण पुसली जाते. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे.

प्रतिजैविके आणि पिंपरी यांचे नाते जुने. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. तिथल्याच संशोधकांनी १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक जगापुढे आणले. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. पिंपरीचे नाव असे जीवशास्त्रात कायमचे नोंदले गेले आहे! हॅमायसिन तोंडातल्या बुरशीवर उपयोगी पडते, आणि तोंडातली बुरशी हा केमोथेरपी घेणाऱ्या मुलांचा नेहमीचा त्रास.

पण प्रतिजैविक शहरात असणे वेगळे आणि मुलापर्यंत वेळेत पोहोचणे वेगळे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातून किंवा आंबेठाण चौकातून ज्याने गाडी काढली आहे त्याला तासाचा हिशेब सांगायला नको. म्हणून ताप येण्याच्या आधीच काही गोष्टी ठरलेल्या हव्यात. घरात चालणारा थर्मामीटर आहे का, आणि आईला तो वाचता येतो का? रात्री बाराला कोणत्या दवाखान्यात जायचे? कोणाची रिक्षा, की १०८ ला फोन? मुलाची फाइल, शेवटच्या केमोची तारीख आणि फोन नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत दारामागच्या खिळ्याला टांगलेले आहेत का? या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी दोन विद्यार्थिनी खोलीवर गेल्या, आईबाप दोघांसमोर थर्मामीटर लावून दाखवला, आणि ही पिशवी भरून दिली, तर त्या अर्ध्या तासाने एखादे मूल वाचू शकते.

हळदीचा प्रयोग

नर्सिंगची विद्यार्थिनी ही या मुलासाठी सर्वांत चांगली स्वयंसेवक आहे आणि सर्वांत धोक्याचीही. ती सकाळी दुसऱ्या वॉर्डात ड्युटी करून आलेली असते. रुग्णालयातल्या वॉर्डांत औषधांना न जुमानणारे जंतू वावरतात आणि ते हातांवर, मनगटी घड्याळावर, ओढणीच्या टोकावर बसून प्रवास करतात. त्यामुळे नियम साधे पण न मोडण्याजोगे हवेत. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जायचे नाही, मुलाने कितीही वाट पाहिली असली तरी. कांजिण्या पूर्वी होऊन गेल्या आहेत किंवा लस घेतली आहे याची खात्री आधीच करायची. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात मोकळे.

हात धुतल्यावर ते खरोखर किती धुतले जातात हे पाहायचे असेल तर एक प्रयोग आहे. तुमच्या वर्गातही करा. चमचाभर हळद थोड्या खोबरेल तेलात कालवून दोन्ही हातांना चोळायची. मग नेहमीसारखे साबणाने हात धुवायचे. साबण लागताच हळद तांबडी होते, कारण साबण अल्कधर्मी असतो. मुलांना हे पाहायला फार आवडते. पाण्याने धुतल्यावर हात पाहा. तळवे बरेच स्वच्छ, पण अंगठ्याचे मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पिवळ्या. जंतू राहतात त्या याच जागा.

हात धुतले म्हणजे सगळे झाले असेही समजू नये. या मुलांना होणारे बरेच संसर्ग बाहेरून येत नाहीत. मुलाच्या स्वतःच्या तोंडात आणि आतड्यात एरवी निमूट राहणारे जंतू, अस्तर सोलवटले की तिथून रक्तात शिरतात. म्हणून तोंड स्वच्छ ठेवणे फार महत्त्वाचे. तोंड आलेल्या मुलाला चूळ भरायला सांगून पाहा! आईने सांगितले की भांडण होते. तेच काम गोष्ट सांगणाऱ्या ताईबरोबर, कोणाची चूळ जास्त वेळ टिकते या पैजेवर, दिवसातून चारदा होऊन जाते. वॉर्डातल्या खेळाचा असाही उपयोग आहे.

सुईच्या वेळीही तसेच. पाठीतून औषध देताना किंवा शीर शोधताना ‘अजिबात दुखणार नाही’ असे कधीही सांगू नये. एकदा खोटे सापडले की पुढची दोन वर्षे मूल कोणावर विश्वास ठेवत नाही. ‘थोडे दुखेल, दहा मोजेपर्यंत, आणि तू भिरभिरे फुंकायचे’ हे बरोबर. लांब फुंकर मारताना स्नायू सैल पडतात आणि लक्ष दुसरीकडे जाते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेप्रमाणे वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याच्या वाटेवर जणू एक दार असते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार थोडे लोटू शकतात. मुलाला निवडही द्यावी: कोणत्या हाताला टोचायचे? निवडण्याजोगे फारसे काही त्याच्याकडे उरलेले नसते.

रोज एक, रविवारी अर्धी

उपचारांचा सर्वांत लांब भाग घरी घडतो. रोज संध्याकाळी सिक्स-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. गोळी मोठ्यांच्या मापाची, मूल लहान. त्यामुळे चिठ्ठीवर ‘सोमवार ते शनिवार एक, रविवारी अर्धी’ असे काहीतरी असते. ओडिशाहून आलेल्या आईने ही मराठी-इंग्रजी चिठ्ठी वाचायची कशी?

एखादी गोळी चुकल्याने एवढे काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चकती बसवून, ती कधी उघडली जाते याची नोंद ठेवली. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले, की ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका बराच जास्त होता. तीस दिवसांत दोन गोळ्या चुकल्या की आपण ९५ च्या खाली आलोच. एक लग्न, एक रात्रपाळी, झाले.

इथे लागते ते एक कॅलेंडर, पूर्ण गोळीसाठी पूर्ण रंगवलेला गोल आणि अर्धीसाठी अर्धा, आणि आठवड्यातून दोनदा फोन. सण आला, गावाला जायचे ठरले, की किती गोळ्या बरोबर घ्यायच्या ते मोजून देणे. आणखी एक बारकावा नर्सिंगच्या मुलीलाच सुचेल: ही गोळी पेशी मारणारी आहे. ती घरच्या सुरीने कापताना उडणारी पूड आईच्या हाताला आणि नाकात जाता कामा नये, आणि आई गरोदर असेल तर तिने ते काम करूच नये. गोळी कशी अर्धी करायची हे रुग्णालयातल्या औषधवाल्याकडून विचारून घ्यावे.

हे सगळे दोन वर्षे टिकले पाहिजे. स्वयंसेवा म्हटली की माझी पहिली शंका हीच असते. परीक्षा आल्या, गट पांगला, आणि ज्या ताईच्या फोनची सवय झाली ती गायब. त्यापेक्षा सुरुवात न केलेली बरी. म्हणून एका मुलामागे दोन विद्यार्थिनी हव्यात, एक वरच्या वर्गातली आणि एक खालच्या. पहिली पदवी घेऊन गेली की दुसरी पुढे, आणि तिच्याबरोबर नवी. मुंबईत मुलांच्या उपचारकाळात कुटुंबांना निवारा देणारे सेंट ज्यूड इंडिया २००६ पासून, आणि रुग्णांना आधार देणारी व्ही केअर १९९४ पासून टिकून आहेत त्या अशा शिस्तीमुळेच.

आणि काही मुले जातात. सगळे नीट करूनही जातात. एकोणीस वर्षांच्या मुलीने ज्याला चूळ भरायला शिकवले, त्याची खाट एका सकाळी रिकामी दिसते. पाठ्यपुस्तकातला धडा तिथे पुरत नाही. या कामावर मुली पाठवणाऱ्या महाविद्यालयात त्या दिवशी तिच्याशी बोलायला बसणारी एक अनुभवी शिक्षिका ठरलेली हवी. ‘नर्सने रडायचे नसते’ असे तिला कोणी सांगू नये. काही दिवस तिला दुसरे काम द्यावे, आणि परत यायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्यावे.

परत वर्गात

जी मुले वाचतात, आणि आता पुष्कळ वाचतात, ती एक दिवस तुमच्या वर्गात येतात. गोळ्या चालू असतानाच येतात. स्टिरॉइडमुळे चेहरा चंद्रासारखा गोल झालेला असतो, भूक अनावर असते, क्षणात राग येतो. तो औषधाचा परिणाम आहे, लाडावल्याचा नव्हे. व्हिन्क्रिस्टीनमुळे पायाच्या नसा दुखावलेल्या असतात. पाऊल नीट उचलले जात नाही, जिन्यावर चवडा अडखळतो, पेन्सिल घट्ट धरवत नाही आणि अक्षर बिघडते. सदाफुलीचे हे देणे बहुतेकांत हळूहळू कमी होते. तोवर त्याचा वर्ग तळमजल्यावर घेता आला तर पाहावे, आणि शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

बाकीच्या मुलांना प्रश्न असतात. तो आपल्या बाटलीतले पाणी प्यायला तर आपल्याला होईल का? नाही होणार, कर्करोग असा लागत नाही. धोका उलट दिशेने आहे, आपली सर्दी त्याला लागेल. टोपीखाली काय आहे? मूल आणि पालक तयार असतील, तर त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी त्या नर्सिंगच्या ताईला वर्गात बोलवावे. हळदीचा प्रयोग, ४५० चा हिशेब आणि या प्रश्नांची उत्तरे, एवढ्याला एक तास पुरतो.

एक काम मात्र फक्त शिक्षकच करू शकतात. कांजिण्या आणि गोवर हे आजार या मुलांना जिवावर बेततात. कांजिण्यांचे पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल त्या पसरवत असते, त्यामुळे वर्गातल्या कोणाच्या अंगावर पहिला फोड दिसेपर्यंत संपर्क होऊन गेलेला असतो. संपर्कानंतर पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांना कळले तर आजार टाळण्यासाठी किंवा सौम्य करण्यासाठी उपाय करता येतात. म्हणून कोणाच्या घरून ‘त्याला कांजिण्या आल्यात, आठवडाभर येणार नाही’ अशी चिठ्ठी आली, की ती हजेरीपटात ठेवून देऊ नका. त्याच तासाला त्या मुलाच्या आईला फोन करा. नंबर फळ्याशेजारच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेला असू द्या.